विमान एकाचं, इंजिन दुसऱ्याचं

मंडळी, आज दुपारी माझी भाची आमच्या हर्सूलच्या घरी जेवायला आली होती. ती वकील आहे. विमान कंपनी बुडाली की भाड्यानं दिलेली विमानं मूळ मालकाला परत मिळवून द्यायची, हे तिचं काम.

मी विचारलं, "विमान भाड्याचं हाय हे कळतं कसं?"

"मावशी, आपण भांड्यावर नाव घालतो ना, तसं. आत मालकाच्या नावाची पट्टी असते. इंजिनावर वेगळी."

"वेगळी कशाला?"

"दुरुस्तीच्या वेळी कंपनी या विमानाचं इंजिन त्या विमानाला लावते. पूर्वी कंपनी बुडाली की कोर्टाची स्थगिती यायची, मालकाला विमानाला हातही लावता येत नव्हता. आता कायदा बदललाय. पण ताबा मिळाला अन् इंजिन दुसऱ्याचं निघालं, तर उडायचं कसं?"

मला लई नवल वाटलं. तिला सोबत चटणी द्यायला मी स्टीलचा डबा काढला. झाकण नव्हतं, म्हणून वर ताटली ठेवली. तिनं सहज डबा उचलून खालून बघितला. बुडावर शेजारच्या काकूंचं नाव.

मग चटणी दुसऱ्या डब्यात घालून दिली अन् संध्याकाळी काकूंचा डबा परत द्यायला गेले. काकूंनी फडताळातून झाकण काढलं आणि डब्यावर बसवलं. "टाकलं नव्हतं मी," त्या म्हणाल्या, "डबा येईल म्हनलं कधीतरी."

विमानांचे मालकही असंच काहीतरी जपून ठेवत असतील का? आणि तुमच्या स्वयंपाकघरात कुणाचं नाव हाय? जरा भांडी उलटी करून बघा.