दादाची नवी गाडी

मंडळी, आज दुपारी दादाकडे एकच गोष्ट सांगायला गेले आणि न सांगताच परत आले.

दादा माझा मोठा भाऊ, वय अठ्ठ्याहत्तर. नजर फार अधू झाल्यामुळे डॉक्टरांनी त्याला गाडी चालवायला मनाई केली आहे. तो मुलाचं ऐकत नाही, म्हणून भाचा म्हणाला, "आत्या, तूच सांग."

तिथे दादाचे जुने मित्र वसंताभाऊ बसले होते. समोर नव्या गाड्यांची माहितीपत्रकं पसरलेली.

"बिनगिअरची काहून घेऊन राहिला गा? म्हातारा झाला का?" वसंताभाऊ दादाला म्हणाले.

"सावनेर रोडवर तुले मागं टाकलं होतं, विसरला का?"

सत्तरच्या दशकात हे दोघे रविवारी सकाळी त्या रस्त्यावर शर्यत लावत. गाडी हलकी व्हावी म्हणून दादा मागची सीट काढून व्हरांड्यात ठेवायचा. बाबांनी विचारलं की मी सांगायचे, "गाडी धुवायला नेलीय, सीट भिजेल म्हणून काढली." माझ्या कॉन्व्हेंट शाळेत खोटं बोलणं पाप होतं, पण दादासाठी मी ते दर रविवारी करत होते.

दादाने एक माहितीपत्रक अगदी नाकाशी नेलं. "ही करडी बरी दिसते. तू काय म्हणते वं?"

चित्रातली गाडी हिरवीगार होती. वसंताभाऊंनी मान खाली घातली.

मी म्हटलं, "छान आहे, दादा."

आता भाच्याचा मेसेज आलाय, "सांगितलंस का?" 

तुमच्यापैकी कुणी आपल्या माणसाच्या हातून किल्ली काढून घेतली आहे का? तेव्हा काय बोललात?