पायांवर निजलेली भाची

चष्मा लावून मुलगी बघायला जाणं घराण्याला शोभत नव्हतं, म्हणून मी पुण्याहून डोळ्यांत बसवायच्या काचा आणल्या. डॉक्टरांनी बजावलं होतं, त्या घालून झोपायचं नाही आणि हात धुतल्याशिवाय त्यांना शिवायचं नाही. नगरला मुलगी बघायला जाताना त्या घालूनच पारनेरला बहिणीच्या घरी थांबलो, तर तिच्या सासूबाईंनी तेल चोळलेली भाची माझ्या लांब केलेल्या पायांवर निजवली. ती झोपली आणि मलाही पेंग येऊ लागली. हात तेलकट, आणि उठायची सोय नव्हती.

"मावशी, मला झोपू देऊ नका. डोळे जातील."

"चष्म्याला काय धाड भरली हुती रं?" म्हणत त्यांनी नात्यातल्या लग्नाच्या मुली सांगायला घेतल्या. तिसऱ्या मुलीलाच माझी झोप उडाली. नवव्या मुलीला भाची उठली. मी हात धुऊन काचा काढल्या, चष्मा लावला आणि नगरची एसटी किती वाजता आहे ते विचारलं.