नव्या गव्हाचा पहिला घास

माझे काका देपालपूरकडे शेती करायचे. इंदूरच्या मराठी घरांत मास्तर, कारकून, रेल्वेवाले हवे तितके सापडतील. शेतकरी मात्र आमच्याकडे हे एकटेच, आणि तेही कमालीचे देवभोळे. त्यांचा एक नेम होता. शेतातला नवा गहू आधी इंदूरच्या बडा गणपतीच्या पायाशी ठेवायचा, मगच तोंडात घालायचा. होळीत गव्हाच्या ओंब्या भाजून सगळं गाव चघळत बसायचं, तेव्हा काका हात मागे बांधून लांब उभे राहायचे. आम्ही मुलं मुद्दाम त्यांच्यासमोर जाऊन मचामचा खायचो. ते नुसते हसायचे.

गहू निघाला की पांढऱ्या फडक्यात ओंजळभर बांधून ते बसने इंदूरला यायचे. मंदिरातून थेट आमच्या राजेंद्र नगरच्या घरी. मग काकूंनी बरोबर दळून दिलेल्या नव्या पिठाची पहिली पोळी आई त्यांना वाढायची. एकदा मी त्यांच्याबरोबर मंदिरात गेले होते. मूर्ती छताला भिडलेली आणि काकांच्या हातात एवढीशी पुरचुंडी. एवढ्याशाने याचं काय होणार, असं मी विचारलं.

"पेट भरायला थोडीच आणतो, बेटा," ते म्हणाले. "त्याला बतावं लागतं, आलं म्हणून."

गेल्या फाल्गुनात त्यांचं हृदय थकलं. डॉक्टर जवळ हवा म्हणून काका-काकू आमच्याकडे राहायला आले. खिडकीजवळ त्यांची खाट टाकली. दुपारच्या उन्हात ते अर्धवट झोपेत असायचे. रस्त्यावरून ट्रक गेला की मळणी सुरू झाली म्हणायचे. पडदा हलला की वारा फिरला, आता उफणायला घ्या, असं पुटपुटायचे. त्यांना जागं करायला माझं मन धजायचं नाही. मीही तिथेच बसून राहायचे आणि बघता बघता मलाही भिंतीपलीकडे पिवळं शेत पसरल्यासारखं वाटू लागायचं. इतक्या सुंदर दुपारी मला पुन्हा मिळाल्या नाहीत, हे आज सांगताना विचित्र वाटतं, पण खरं आहे.

गहू कापून झाल्यावर त्यांचा मुलगा नव्या गव्हाचं पोतं घेऊन आला. काकांनी ते खाटेशी आणवलं. कोपरापर्यंत हात आत घातला, मूठभर दाणे हुंगले आणि परत सोडून दिले. तळव्याला चिकटलेला एक दाणासुद्धा त्यांनी झटकून पोत्यात टाकला. बुधवारी, म्हणजे आमच्याकडच्या गणपतीच्या वारी, मंदिरात जायचं ठरलं. तुमच्या वतीने मी नेते, असं मी सुचवलं, तर ते रुसले. आता बुधवारपर्यंत यांना जपायचं, एवढंच आमच्या डोक्यात होतं.

मंगळवारी दुपारी ते झोपेतच गेले. ओठ हलत होते, मग थांबले. कुठल्या तरी बांधावरून चालताना वाट संपावी, इतकं सहज. मला देवाचा भयंकर राग आला. एक दिवस दिला असता तर त्याचं काय बिघडलं असतं?

त्यांना गावी नेलं. सुतक लागलं, म्हणजे आता मंदिरात कोणीच जाऊ शकत नव्हतं. दहाव्याच्या आदल्या दिवशी गुरुजींनी पिंडासाठी घरची कणीक काढून ठेवायला सांगितलं. कोठीतला जुना गहू संपला होता, उरलं होतं ते फक्त इंदूरहून परत आणलेलं नवं पोतं. मुलगा गोंधळला. दुकानातून आटा आणतो म्हणून त्याने चपला पायात सरकवल्या. नवा गहू गणपतीला दाखवल्याशिवाय वापरायची त्याची छाती नव्हती. खरं तर कोणाचीच नव्हती.

काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. संसारभर काकांच्या नेमाला त्यांनी कधी बोट लावलं नव्हतं. पोळीचं पीठ चक्कीत दुसऱ्याच्या पिठात मिसळू नये म्हणून त्या स्वतः चक्कीवर जाऊन उभ्या राहायच्या. त्या उठल्या, पोत्याचं तोंड सोडलं आणि सूप भरून गहू काढला.

"जिंदगीभर देवाच्या बाद जेवले ते," मुलाकडे न बघता त्या म्हणाल्या. "या साल पहिले ते जेवतील. देवाला मी बताईन."

त्या निवडायला बसल्या. मी त्यांच्यासमोर बसले, आणि किती तरी दिवसांनी मला मोकळेपणाने रडू आलं.