तिचा फोन भजनाला लागला

माझी बायको गेली त्या दिवशीच्या फार थोड्या गोष्टी माझ्या लक्षात आहेत. त्यातली एक म्हणजे स्पीकर. नांदेडच्या आमच्या घरात माणसं जमत होती, लातूरहून तिच्या माहेरची मंडळी निघाली होती. ती दवाखान्यात होती म्हणून लातूरकडच्या मुरुडहून आधीच येऊन राहिलेला माझा थोरला चुलतभाऊ बैठकीच्या खोलीत उभा राहून विचारत होता, "घरात काहीच लावलं न्हाई व्हय रे? माणसं येऊन बसणार, नुसतं एकमेकाच्या तोंडाकडं बघत बसायचं का?"

दुखवट्याच्या दिवसांत आमच्याकडे घरात भजन चालू ठेवतात. पूर्वी गल्लीतली माणसं टाळ घेऊन यायची आणि मध्येच उठून तंबाखू मळायला ओट्यावर जायची. आता ती फोनवर हात जोडलेलं चित्र पाठवतात, आणि भजन यंत्रावर लागतं. भावाने आधी माझा फोन घेतला. माझ्या फोनवर एक अभंग झाला की लगेच कुणीतरी पत्ते खेळून श्रीमंत व्हायला सांगायचं. भाव जमून आलेल्या घरात ते बरं दिसेना. मग त्याने तिचा फोन शोधला. तिने गाण्यांच्या ॲपची वर्गणी भरलेली होती, त्यावर जाहिराती लागत नव्हत्या. फोन उघडायचा आकडा मला माहीत होता, तो मी सांगितला. त्या दिवसांत मी कोण काय विचारतंय ते न ऐकताच सगळ्याला हो म्हणत होतो.

तेराव्यापर्यंत सकाळी भूपाळ्या, दुपारी प्रवचन, संध्याकाळी अभंग, सगळं तिच्या फोनवरून चाललं. भेटायला येणारे म्हणायचे, "लई प्रसन्न वाटतं तुमच्या घरात." भाऊ मान खाली घालून ही स्तुती स्वीकारायचा.

तेरावा झाला, पाहुणे गेले. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळे घर एकदम माझ्या एकट्याच्या हवाली झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा ठेवला आणि मला तिची गाणी ऐकावीशी वाटली. तिची गाणी म्हणजे नव्वदच्या सुमाराची हिंदी पॉप. मोकळे केस उडवत वाळवंटातून चालणाऱ्या बाया, उंटाशेजारी गिटार घेऊन उभा असलेला मुलगा, आणि तो उंट गिटारकडे का बघत नाही असा मला पडणारा प्रश्न. लग्न होऊन ती लातूरहून नांदेडला आली ती एका पेटीत साड्या आणि एका पिशवीत कॅसेटी घेऊन. मी पेटीत पुस्तकं घेऊन राहणारा माणूस. "हे वर्षभरसुद्धा टिकणार नाही," असं मी त्या कॅसेटी बघून म्हणालो होतो.

माझ्या भाकितांविषयी इथे थोडं सांगायला हवं. मी महाविद्यालयात ग्रंथपाल होतो. ग्रंथालयात संगणक आला तेव्हा मी प्राचार्यांना लेखी कळवलं होतं की कार्डांचे ड्रॉवर फेकू नयेत, लवकरच लागतील. ते ड्रॉवर आता कुठल्याशा लिपिकाच्या घरी कांदे ठेवायला आहेत, असं ऐकतो. लोकांनी सीडी ऐकणं सोडलं त्या वर्षी मी मोठा सीडी प्लेअर आणला. खिशातलं छोटं गाण्यांचं यंत्र घेतलं त्याच्या पुढच्याच दिवाळीत सगळ्यांच्या फोनमध्ये गाणी आली. बायको नवीन काही घ्यायचं असलं की मला विचारायची, "ह्याचं काय होईल?" मी म्हणालो, चालणार नाही, की ती निर्धास्तपणे घ्यायची. गाण्यांचं ॲप तिने असंच घेतलं. "महिना दोन महिन्यांत बंद पडेल," असं मी सांगितल्याबरोबर तिने वर्षभराची वर्गणी भरली.

त्या ॲपवर ती एकच बटण दाबायची. त्यावर लिहिलेलं असतं, खास तुमच्यासाठी. ते दाबलं की यंत्र तिच्या आवडीचं एकामागून एक लावत जायचं, आणि ती कणीक मळत राहायची. गाणं आवडलं तर बदामावर खूण करता येते, पण तिने कधी केली नाही. "ऐकते ते पुरे नाही का? खूण कुणाला दाखवायची?" म्हणायची. त्यामुळे तिला काय आवडतं हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. ते फक्त त्या बटणाला माहीत होतं.

मी बटण दाबलं. पखवाज वाजला.

पुढचं गाणं लावलं, तर टाळ. त्याच्या पुढचं लावलं, तर एक महाराज मनुष्यजन्माच्या दुर्लभतेवर बोलू लागले. यंत्राने माझ्या बायकोविषयी मत बदललं होतं. त्याच्या हिशेबाने ही बाई अचानक विरक्त झाली होती, आणि आता तिला त्रास नको म्हणून ते आदराने देवाधर्माचं तेवढं वाढत होतं. मागे काय काय वाजलं ते बघायला बोटाने सरकवत गेलो. भजनं, भजनं, प्रवचन, भजनं, आणि त्याच्या मागचं ॲप दाखवायला तयार नव्हतं. चहा उतू गेला.

रडू आलं असतं तर बरं झालं असतं. पण मला राग आला, आणि राग आला की मी आरडाओरडा करण्याऐवजी पद्धतशीर कामाला लागतो, हा माझा जुना रोग. यंत्र सवयीने शिकतं, तर सवयीने विसरेलही. तिची गाणी पुन्हा वाजवत राहिलं की ते पुन्हा तिच्यावर येईल. अडचण एवढीच होती की कोणती गाणी ते मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं ती माझ्या घरात वाजली, पण मी शेजारच्या खोलीत दार लोटून वाचत होतो.

तिच्या एका गाण्याची चाल मात्र डोक्यात होती. ॲपमध्ये गुणगुणून गाणं शोधायची सोय आहे हे मी कुठेतरी वाचलेलं. मी फोन घेऊन गच्चीवर गेलो. शाळेत प्रार्थनेला मी नुसते ओठ हलवायचो, म्हणजे आयुष्यात गाण्याचा हा पहिलाच प्रयोग. फोनवर एक वर्तुळ धडधडायला लागलं आणि मी तोंड जवळ नेऊन गुणगुणलो. यंत्राने थोडा विचार करून तान्ह्या बाळाला झोपवायचं गाणं काढून दिलं. मी आणखी जोर लावला. तेलुगू लग्नगीत आलं. तिसऱ्यांदा मी डोळे मिटून, मान हलवून, मन लावून गुणगुणलो. यंत्र म्हणालं, आजूबाजूचा आवाज कमी करून पुन्हा प्रयत्न करा.

शेजारच्या गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या काकू उभ्या राहिल्या होत्या.

"सर, कसंनुसं होऊन राहिलं का? छातीत वगैरे?"

"नाही, नाही. गात होतो."

काकूंनी हातातला पापड हळूच खाली ठेवला. "गा, गा. मोकळं वाटंल," म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

मग मी सरसकट त्या काळातली पॉप गाणी लावायचं ठरवलं. यंत्राला 'नव्वदची पॉप' असं सांगितलं की ते ढिगाने काढून देई. सकाळी दाढी करताना, दुपारी जेवताना, संध्याकाळी दिवा लावताना, मी ती लावून ठेवू लागलो. ऐकत होतो असं म्हणता येणार नाही. पाणी उपसायला मोटर लावतात तशी ती लावलेली असायची. दुखवट्याचं घर, दारावर अजून कुणी ना कुणी भेटायला येतंय, आणि आतून एक बाई खट्याळपणे कुणाला तरी छतावर बोलावतेय.

महिन्याच्या कार्यासाठी भाऊ मुरुडहून आला तो नेमका अशाच वेळी. तो चपला न काढता उंबऱ्यातच थांबला.

"हे काय लावून राहिलास रे?"

"तिची गाणी."

"तिची? आन् तुला कधीपासून ह्याची गोडी?"

"गोडी नाही दादा. यंत्राला शिकवतोय. तुम्ही तेरा दिवस भजन लावलंत, तर त्याला वाटतंय की तिला भजनच आवडतं."

भावाने यावर विचार केला. पिशवी खाली ठेवली. "मग चांगलंच हाय की. जिती होती तवा काय ऐकली न्हाई, गेल्यावर तरी वळण लागलं."

मला हसू फुटलं. तिच्यामागे पहिल्यांदाच मी मोठ्याने हसलो. भाऊ आधी दचकला, मग तोही हसला, आणि मग डोळे पुसत म्हणाला, "बंद कर आता. बामन येईल."

तो परत गेला तो अहमदपूरला एका सोयऱ्याकडे चहा घेऊन. चहाबरोबर काय सांगितलं असेल ते मला लवकरच कळलं, कारण लातूरहून मेहुणीचा फोन आला. बायकोची ही धाकटी बहीण बँकेत आहे, आणि ती मला लग्नाच्या मांडवापासून चिडवत आली आहे.

"दाजी, तुम्ही म्हणं पॉप ऐकून राहिलात?"

"कोण म्हणालं?"

"कोण न्हाई म्हणालं ते विचारा. आमच्या गल्लीत तर तुम्ही नाचता, इथपर्यंत आलंय."

मी तिला सगळं सांगितलं. भजनं, बटण, गच्ची, तेलुगू लग्नगीत. ती हसत सुटली. लग्नगीताला तर तिला फोन बाजूला ठेवावा लागला. मी हॅलो हॅलो केलं.

"हाय हाय, इथंच हाय," ती म्हणाली. आवाज बसलेला. "दाजी, फोन घेऊन या इकडं. आक्काची गाणी मला पाठ हायेत."

मी एसटीने निघालो. शिकवणीत खंड नको म्हणून कानात तार घालून पॉप चालूच ठेवली. शेजारच्या म्हातारबाबांनी विचारलं, "काय ऐकताय, प्रवचन का?" मी हो म्हणालो. अहमदपूरच्या स्टँडवर फोनची बॅटरी संपली. चार्जर घरी टेबलावर होता. तिथून लातूरपर्यंत कानात नुसतीच तार घालून बसलो, कारण काढली असती तर बाबांनी प्रवचनाचा विषय विचारला असता.

औसा रोडवरच्या मेहुणीच्या घरी फोन पुन्हा जिवंत झाला आणि ती मांडी घालून बसली. पटापट नावं टाकत गेली. पूर्वी दोघी बहिणी गोलाईच्या बाजारातल्या एका दुकानातून कोऱ्या कॅसेटवर आवडीची गाणी भरून आणायच्या. एक बाजू आक्काची, एक हिची. "हे तिचं. हेही तिचं. हे माझं होतं, पण तिनं ढापलं. ह्याच्यावर तर आमचं भांडण, बाबांनी टेपच कपाटात ठेवला होता कुलूप लावून." गाणी वाजत होती. मी लक्ष देऊन ऐकत होतो, आणि त्यातलं एकही मला ओळखीचं वाटत नव्हतं. यातलं काहीच माझ्या स्वयंपाकघरात कधी वाजलं असावं असं वाटेना.

मेहुणीच्याही ते ध्यानात आलं असावं. तिचं बोट थांबलं.

"ही तिची कॉलेजातली, दाजी. लग्नानंतर ती काय ऐकायची ते मला कसं माहीत असणार? सणावाराला दोन दिवस यायची, त्यात कुठली गाणी?"

"मग मला माहीत असायला हवं."

"हवं," ती म्हणाली. यात चिडवणं नव्हतं.

मी नांदेडहून लातूरला आलो होतो ते तिची आवड परत न्यायला, आणि ती इथेही नव्हती. मेहुणीने फोन खाली ठेवला. फोन मात्र थांबला नाही. तिने टाकलेली गाणी संपली तसं त्याने आपल्या मनाने पुढचं लावलं. कुणी नवा मुलगा गात होता. अलीकडचं गाणं असावं. आम्ही दोघांनीही ते कधी ऐकलं नव्हतं, आणि बहुधा बायकोनेही नसावं.

मेहुणी जरा वेळाने म्हणाली, "हे चांगलं हाय की. आक्काला आवडलं असतं."

"नाही," मी म्हणालो.

"कशावरून?"

"सुरुवात किती लांबवली आहे बघ. तिला गाणं चटकन सुरू झालेलं लागायचं. आणि हा मध्येच कुजबुजतो. कुजबुजणारे तिला चालायचे नाहीत. 'गायचं तर गा बाबा' म्हणायची, आणि ओल्या हाताने पुढचं लावायची."

मेहुणी माझ्याकडे बघत राहिली. मीही जरा चकित झालो होतो. दार लोटलेलं असायचं, पण कडी लावलेली नसायची, हे खरं.

"आणखी?" तिने विचारलं.

"उदास गाणं दुपारी, इस्त्री करताना. फोडणी टाकताना बाईचाच आवाज, पुरुषाचा नको. आणि इंग्रजी शब्द घुसडलेलं गाणं असलं तर ती मुद्दाम माझ्या दाराकडे तोंड करून म्हणायची."

मेहुणीने त्या मुलाला घालवलं. पुढचं गाणं लागलं. "हे?"

"नको."

"हे?"

"हे चालेल."

"आन् हे? हे तरी तिचंच, दाजी. ह्याच्या पायी टेप कुलपात गेला होता."

"असेल. पण नांदेडला आल्यावर तिला ते आवडेनासं झालं. लागलं की पहिल्या ओळीलाच बदलायची, म्हणून मघाशी मला ओळखू आलं नाही."

"शक्यच न्हाई. माझी बहीण, मला माहीत हाय."

"माझी बायको. मला माहीत आहे."

"तुम्ही तर पुस्तकात डोकं घालून बसायचात!"

"कान बाहेर असायचे."

"खोटं बोलून राहिलात," ती म्हणाली, आणि गाणं पहिल्यापासून लावून आवाज वाढवला. मी बदलायला हात पुढे केला, तिने फोन पाठीमागे लपवला, आणि आम्ही जेवणं थंड होईपर्यंत त्यावर भांडत बसलो.