निर्मलाबाईचं विरजण

म्हसावदच्या त्या गल्लीत कुणाच्याही घरचं दही चाखा, त्याचं मूळ निर्मलाबाईच्या गाडग्यात सापडायचं. आईनं लग्नात दिलेलं विरजण बाईनं चाळीस वर्षं मोडू दिलं नव्हतं. संध्याकाळी बायका वाट्या घेऊन यायच्या, तेव्हा बाईचा तोरा बघावा! दिवा लागल्यावर मात्र कुणालाही थेंब मिळायचा नाही.

मग सून प्रतिभानं जगदीशच्या दुकानातून प्रोबायोटिक दह्याच्या डब्या आणल्या. वर छापलेलं, कोट्यवधी जिवंत जिवाणू, चौदा दिवसांत पोट हलकं. सासऱ्यांना, म्हणजे भिलाआप्पांना, गॅस व्हायचा. रोज मिरचीची भजी हाणल्यावर दुसरं काय होणार, सांगा!

"जिता किडा खाईसन पोट बरं व्हस का?" बाई कडाडली.

आप्पा डबी खरवडत म्हणाले, "पोट कसं कापूस व्हई गयं!"

बाईला ते फार लागलं. हळूहळू गल्लीतल्या वाट्याही यायच्या बंद झाल्या. बाई रुसून दोन दिवस तळोद्याला बहिणीकडे गेली.

परत आली तर गाडगं कोरडं ठणठणीत! प्रतिभानं भीत भीत सांगितलं. तेराव्या दिवशी, म्हणजे कालच, आप्पांनी भजी खाल्ली, पोटात आग पडली, आणि त्यांनी सगळ्या दह्याचं ताक करून पिऊन टाकलं.

"विरजण बी पिदं?"

"तेनावरच तं बरं वाटनं," आप्पा पुटपुटले.

 बाई जन्मात पहिल्यांदा स्वतः वाटी घेऊन निघाली. गल्लीतल्या फुलवंताबाईनं फ्रिज उघडला, आत डब्या. शेजारी डब्या. त्याच्या शेजारीही डब्याच. ऊन उतरलं. शेवटी ज्या दुकानाची पायरी चढणार नाही म्हणाली होती, तिथंच ती उभी राहिली.

"एक डबी दे रे, जगदीश. विरजणाले."

 जगदीश आत जाऊन छोटं गाडगं घेऊन आला. "हाई ले. मन्ही माय आजबी तुन्हंच विरजण लावस."

"आन् या डब्या?"

"त्या इकाले शेतस, काकू. खावाले हाई."

बाई दिवा लागायच्या आत घरी पोचली. आप्पा चमचा घेऊनच बसले होते. बाईनं गाडगं पदराआड धरलं आणि फ्रिजमधली शेवटची डबी त्यांच्या पुढ्यात आदळली.

"आज चौदावा दिवस शे. पुरा करा!"