हातातला गेम मला नको

नवरा गेल्यावर मुलांनी वाटण्या केल्या. तळवड्याचं घर आणि टेंपो थोरल्याला, धाकट्याला वाकडच्या फ्लॅटसाठी पैसे. मी कोणाच्याच वाट्याला आले नाही, म्हणून सामाईक विहिरीच्या पाण्यासारखी माझी पाळी लावली. गणपती झाले की वाकड, गुढीपाडवा झाला की तळवडं. मला कोणी विचारलं नाही. विहिरीला तरी कोण विचारतं?

पोरं वाईट नाहीत. दोघांच्या घरी मला वेळेवर जेवण मिळालं आणि कोणी तोंड वाकडं केलं नाही. पण निम्मं वर्ष एका घरात काढलं की त्या घरातला डबा, चहाची साखर, संडासाची कडी सगळं हाताला सवयीचं होतं आणि तेवढ्यात निघायची वेळ येते. दोन्ही घरांत मी पाहुणीच. पाहुण्याला भांडता येत नाही, आणि मला भांडल्याशिवाय जेवण पचत नाही.

वाकडचं घर अकराव्या मजल्यावर. धाकटा आणि त्याची बायको दोघं आयटीत. घरूनच काम असतं तेव्हा दोघं दोन खोल्यांत दार लावून लॅपटॉपशी बोलतात. जेवायला हाक मारायची तर आधी दाराला कान लावून पाहावं लागतं, आत साहेब आहे का. दिवसभर माणसाचं तोंड दिसायचं ते नात शाळेतून आल्यावर. ती सहावीत होती. आली की दप्तर एकीकडे, मोजे दुसरीकडे, आणि टीव्हीला जोडलेली काळी पेटी चालू. त्या पेटीला कन्सोल म्हणतात. धाकट्याने ती स्वतःसाठी घेतली होती. मित्र आले की पडद्यावर पानं कशी खरी दिसतात, पाणी कसं चमकतं, हे तो हात उंचावून सांगायचा. खेळताना मात्र मी त्याला कधी पाहिलं नाही. वेळ नव्हता बिचाऱ्याला.

मी नातीशेजारी बसायचे. टीव्ही तिच्या ताब्यात गेला याचं मला दुःख नव्हतं. मालिका मला बघवत नाहीत. त्यातल्या बाया दागिने घालून जिन्यात उभ्या राहतात, स्वयंपाक कोण करतं ते शेवटपर्यंत कळत नाही. नातीचा खेळ त्यापेक्षा बरा. निदान काहीतरी पडायचं, फुटायचं.

एक दिवस तिला माझी दया आली असावी. तिने माझ्या हातात दुसरा रिमोट दिला आणि शेतीचा खेळ लावला. म्हणाली, आज्जी, हा तुला खूप आवडेल, तू शेतकरी होतीस ना. मी नांगरलं, पेरलं, पाणी घातलं. बोट दाबलं की पाणी. जरा वेळाने गाजरं आली, सगळी एका मापाची.

मी रिमोट खाली ठेवला. "यात तण न्हाई, कीड न्हाई, व्यापारी न्हाई. ही शेती न्हाई बाई, ही कुंडी हाय."

कांदे काढून माझी कंबर गेली. तेच काम आता अंगठ्याने करायचं, तेही फुकट? मी तिला म्हटलं, मारामारीचं काही असेल तर दाखव. मारामारीचं आईने बंद करून ठेवलं होतं. मग गाड्यांच्या शर्यतीवर आम्ही तडजोड केली.

गाड्या मला लगेच आवडल्या. तळवडे-चाकण रस्ता ओलांडायला मी अर्धं आयुष्य कडेला उभी राहिले आहे. कंपन्यांचे कंटेनर जातायत, ट्रेलर जातायत, आपण डोक्यावर पाटी घेऊन त्यांच्या धुरात उभ्या. कोणी थांबत नाही, वर हॉर्न मारून आपल्यालाच शिव्या. आता माझ्याकडे गाडी होती. समोर येईल त्याला मी ठोकलं. नात सांगायची, आज्जी, ठोकायचं नसतं, पुढे जायचं असतं. ज्याचं त्याचं मत.

चौथीपर्यंतची माझी अक्षरओळख मराठीची, पडद्यावर सगळं इंग्रजी. पण शर्यत कुठे दाबून सुरू होते, दोघांसाठी पडदा मधून कसा कापायचा, वरची गाडी तिची आणि खालची माझी, हे मी जागा पाहून पाठ केलं. दिवाळीपर्यंत मला वळण घेता यायला लागलं. संक्रांतीला मी तिला हरवलं. ती रडली. मी समजूत घातली नाही, अजून एकदा हरवलं. त्यानंतर ती माझ्याशी बरोबरीने वागायला लागली, शिव्या सोडून सगळं बोलायला लागली. ते मला आवडलं. घरात कोणाशी तरी भांडण जमलं होतं.

मग पाडवा आला. धाकटा म्हणाला, आई, रविवारी दादाकडे सोडतो. मी म्हटलं, मला जायचं नाही. त्याला हसू आलं. त्याने थोरल्याला फोन लावला आणि दोघांनी मिळून माझं म्हणणं समजून घेतलं, म्हणजे त्यांच्या परीने. आईला गेमचा नाद लागलाय. तळवड्याला कन्सोल नाही. एवढंच कारण. दोन दिवसांत त्याने मला हातातला गेम आणून दिला, मधे पडदा आणि दोन बाजूंना बटणं. म्हणाला, आता कुठेही जा, गेम तुझ्याबरोबर. दोघं भाऊ इतके खूश झाले की मी पिशवी भरायला घेतली.

रविवारी गाडीत बसल्याबसल्या मी तो चालू केला. वाकडहून तळवड्याला जायला मधे गाड्यांचा एवढा घोळ असतो की तीन शर्यती झाल्या तरी निगडी आली नाही. तेवढ्यापुरता तो बरा वाटला. खोटं बोलणार नाही, त्या गेमचे गुण आहेत. आमच्याकडे गुरुवारी लाईट जाते, तेव्हा तो चालतो. डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर यायला निम्मा दिवस जातो, तिथे चालतो. थोरल्याला म्हणून असलंच आवडतं. चाकणला कंपनीच्या गेटवर टेंपो खाली व्हायची वाट बघत तो फोनवर पत्ते खेळत बसतो. त्याला पेटी आणि मोठा टीव्ही देऊन काय उपयोग, त्याचं घर तो टेंपोच. नातीलाही हातातलाच पसंत, कारण तो बाथरूममध्ये नेता येतो आणि आईला ऐकू जात नाही.

माझं तसं नाही. एक तर त्यावरची अक्षरं औषधाच्या पट्टीवरच्या तारखेएवढी. चष्मा लावला तर रस्ता दिसतो, गाडी दिसत नाही. ओट्यावर बसलं की पडद्यात माझंच तोंड दिसतं, आणि ते मी पाहिलेलं आहे. थोडा वेळ खेळलं की तो भाकरीसारखा तापतो. अंगठ्याचे सांधे रात्रभर ठणकतात. जिंकलं तर बघायला कोणी नाही.

हेही मी चालवून घेतलं असतं. पण तळवड्याला माझ्या लक्षात एक गोष्ट आली. वाकडला मी मोठ्या पडद्यासमोर बसलेली असले की सून म्हणायची, थांबा, आईंची शर्यत चालू आहे. पडदा सगळ्यांना दिसायचा, त्यामुळे मी कामात आहे हे सगळ्यांना पटायचं. इथे मी हातात गेम घेऊन बसले की रिकामी दिसायचे. थोरली सून मेथीची जुडी आणून मांडीवर ठेवायची. पाहुणे आले की म्हणायची, आई, तुम्ही आत बसून खेळता का? आत गेले की नातवाचा अभ्यास, आई, तुम्ही ओट्यावर बसता का? ओट्यावर कोणी टेंपोचं सामान उतरवायला आलं की परत आत. ती वाईट बोलायची नाही. तिला सोयीचं वाटायचं. ज्याला कुठेही बसून खेळता येतं, त्याला लोक कुठेही बसवतात. आधी मला वर्षातून दोनदा हलवायचे, आता दिवसातून चारदा.

घरामागे आमच्या भाड्याच्या खोल्यांची ओळ आहे. कंपनीतली पोरं राहतात, बहुतेक लातूर-बीडकडची. ऐन श्रावणात कडेची खोली रिकामी झाली, भाडेकरूची कंपनी चाकणच्या पुढे गेली म्हणून. थोरला पुठ्ठ्यावर 'खोली भाड्याने देणे आहे' लिहायला बसला. मी म्हटलं, लिहू नको. ती खोली मला पाहिजे. त्याला आधी वाटलं मला सामान ठेवायला हवी आहे. खोल्या माझ्या नावावर आहेत हे त्याला माहीत होतं, फक्त आठवत नव्हतं.

गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी धाकटा सगळ्यांना घेऊन आला. मला न्यायला. जेवणं झाली, सुना भांडी आवरत होत्या. मी दोघा भावांना समोर बसवलं आणि सांगितलं, मी वाकडला येणार नाही. इथेही राहणार नाही. मागच्या खोलीत राहणार. जेवीन थोरलीच्या हातचं, पण झोपीन आणि बसेन माझ्या खोलीत.

थोरल्याचा चेहरा उतरला. "आये, लोकं काय म्हणत्याल? दोन पोरं असून म्हातारी भाडेकरूंच्यात टाकली."

"म्हणू दे. लोकं भाडं देत्यात व्हय?"

धाकटा शिकलेला, तो कारण शोधायला लागला. वाकडला काय कमी आहे, कोणी काही बोललं का, गरम पाणी, लिफ्ट, डॉक्टर खाली. मी म्हटलं, काही कमी नाही. तो म्हणाला, "मग गेम तर दिलाय ना तुला? हातातला?"

"त्येच सांगते. हातातला नको. टीव्ही पायजे, त्याच्याखाली पेटी पायजे, आन समोर माझी खाट. तिघांतलं कुणी हलायचं न्हाई. भेटायचं त्यानं यायचं."

 धाकटा म्हणाला की मी त्याला लोकांत खाली पाहायला लावते आहे, सोसायटीत सगळे विचारतील आई कुठे आहे. मी म्हटलं, सांग, आई तिच्या घरी आहे. तो उठून बाहेर गाडीपाशी जाऊन उभा राहिला.

नात दाराशी होती. तिने सगळं ऐकलं होतं. "मग मी कोणाबरोबर खेळू?" असं तिने विचारलं. सहा महिने रोज भांडायला मिळालेली पोरगी, तिला मी सोडत होते, आणि तिला ते बरोबर कळलं होतं. मी तिला जवळ घेतलं नाही, ती मोठी झालीय. हातातला गेम तिला दिला. तुझी शाळा, तुझा क्लास, तुझी बस, फिरतेस तू, तुझ्याकडे शोभतो. तिने घेतला, पण गाडीत बसताना माझ्याकडे पाहिलं नाही.

टीव्ही आणि कन्सोल मी माझ्या खोल्यांच्या भाड्यातून आणवले. बसवायला आलेल्या पोराने भिंतीला ड्रिल लावलं तर भिंत पोकळ ब्लॉकची, स्क्रू धरेना. म्हणून टीव्ही धान्याच्या पत्र्याच्या कोठीवर ठेवलाय. कोठी रिकामीच होती. गाडी जोरात आपटली की कोठी घुमते, त्यामुळे मजा वाढते.

लोक म्हणतात ते म्हणतातच. त्या म्हणणाऱ्यांतल्या दोघी दुपारी माझ्याकडे येऊन बसतात. एकीला गाडी सरळ चालवता येत नाही, आणि ती देवाचं नाव घेऊन ब्रेक दाबते. थोरल्याने पहिले पंधरा दिवस खोलीत पाय ठेवला नाही. आता जेवणाचा डबा घेऊन तोच येतो आणि एक शर्यत बघून जातो.

धाकटा दिवाळी संपेपर्यंत आला नाही. फोनवर औषधं विचारायचा आणि ठेवायचा. आला तो नातीला घेऊन. नात आत आली, माझ्याशी न बोलता रिमोट उचलला, मला एकदा हरवलं आणि मग बोलायला लागली. धाकटा उभा राहून भिंतीची ओल बघत होता, छताचा पत्रा बघत होता, बाहेरचं सामाईक मोरीचं दार बघत होता.  दिसतंय ते खरंच होतं. ओल आहे.

मग नातीला बाहेर चुलतभाऊ सापडला आणि ती गेली. रिमोट खाटेवर पडला होता. धाकट्याने तो उचलला आणि माझ्या शेजारी बसला. खाट कुरकुरली. शर्यत सुरू झाल्यावर म्हणाला, "आई, खरं सांग. आमच्याकडे तुला काय त्रास झाला?"

"त्रास न्हाई झाला. मला ह्या फेऱ्यांतनं उतरायचं व्हतं. आता बोलू नको, वळण हाय."

वळणावर मी त्याला कठड्यात घातलं. पैसे मोजून घेतलेली पेटी त्याच्या घरी तीन वर्षं होती, आणि याला साधं वळण घेता येत नव्हतं. त्याची गाडी उलटी फिरून तोंड मागे करून उभी राहिली. तो तिला सरळ करायला बघत होता आणि मी पुढे गेले.

"अजून एक," तो म्हणाला.

मी त्याला बूट काढून नीट बसायला सांगितलं.