साडभाऊंपेक्षा मोठा कॅमेरा

साडभाऊंच्या कॅमेऱ्याची मागची बाजू निखळून माझ्या हातात आली, तेव्हा मला वाटलं, मोडला.

साडभाऊ म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. वर्ध्याला त्यांचा फोटो स्टुडिओ, पुलगावला माझा. सत्तरीचं दशक संपत आलं होतं. अक्षय तृतीयेच्या जेवणाला आम्ही दोघं त्यांच्याकडे गेलो होतो. पानं वाढायला अवकाश होता, साडभाऊ आंघोळीला गेले होते, आणि मी मेहुणीच्या शिलाई मशीनवरचा टेप उचलून त्यांच्या लाकडी फील्ड कॅमेऱ्याचं माप घेत होतो. कशासाठी? तर आपण कधी घेतला तर याहून मोठा असावा, एवढ्यासाठी. मागची, चित्र उमटते ती दुधी काच मोजताना बोट एका पितळी खिट्टीवर पडलं आणि काचेसकट अख्खी चौकट हातात आली. घाईघाईनं परत बसवली, तर ती आडवी बसली. आणि दारात साडभाऊ, टकलावरून पाणी निथळत, पंचा गुंडाळून.

"अहो, थे निघतच असते. बॅक हाय थे," ते म्हणाले. "आडवी लावली का आडवा फोटू, उभी लावली का उभा. लहान फिल्म टाकाची असली तर दुसरी बॅक लावाची. कॅमेरा थोच, मागचं बदलत राह्याचं." मग माझ्या गळ्यातल्या टेपकडे त्यांची नजर गेली. "काऊन, माह्या कॅमेऱ्याले सदरा शिवून राह्यले का?"

त्या दिवशी पुरणपोळी माझ्या घशाखाली उतरली नाही, असं लिहायला बरं वाटलं असतं. पण चार खाल्ल्या.

माझ्या जळण्याला कारण होतं, आणि ते कारण म्हणजे पुलगावच्या शाळेचा ग्रुप फोटो. माझं दुकान शाळेच्या अगदी समोर, आणि दरवर्षी फोटो काढायला पॅसेंजरनं यायचे वर्ध्याचे साडभाऊ! एकदा ते काम मला मिळालं होतं. मी माझ्या लहान रोलच्या कॅमेऱ्यानं फोटो काढला आणि मोठा करून दिला, तर मागच्या रांगेतले गणिताचे मास्तर कोणते आणि शिपाई कोणता, हे त्या दोघांनाही ओळखता येईना. हेडमास्तर म्हणाले, "तुमच्या डबीत आमची शाळा मावत नाही हो." त्यानंतर चार वर्षं मी दुकानाच्या दारात उभा राहून बघत आलो. बाकं मांडली जायची, साडभाऊ काळ्या कापडात शिरायचे, आणि मी ज्यांना रोज नमस्कार घालतो ते सगळे मास्तर त्यांच्यासाठी श्वास रोखून बसायचे. माझ्यासमोर कोणी श्वास रोखला नव्हता. फोटो झाला की साडभाऊ जेवायला आमच्याकडेच. बायको त्यांच्या वरणावर तुपाची धार जरा सैल सोडते, हेही माझ्या नजरेतून सुटलं नव्हतं.

त्याच वर्षी फोटोचा कागद पुरवणाऱ्या एजंटाकडून कळलं की नागपुरात एक म्हातारे फोटोग्राफर स्टुडिओ बंद करताहेत आणि त्यांना दोन फील्ड कॅमेरे विकायचे आहेत. बायकोला घेऊन गेलो. दोन्ही टेबलावर मांडलेले होते. एक अवाढव्य, पितळ इतकं लखलखीत की त्यात बघून दाढी करावी. दुसरा साडभाऊंच्याच मापाचा, सागवानी. त्याच्या पुढच्या घडीदार कातडी भात्याला ठिगळ होतं, पण सोबत तीन बॅका.

"मोठा नका घेऊ," म्हातारे म्हणाले. "त्याची बॅक बदलत नाई, अन् त्या मापाची फिल्म आता कोणी आणत नाई. हा लहाना घ्या. शाळेचा ग्रुप असला तर मोठी बॅक लावा, घरचा फोटो असला तर मधली, अन् कुठंच फिल्म भेटली नाई तर ही रोलची."

मी एकच प्रश्न विचारला. "वर्ध्यात येवढा मोठा कोनाजवळ हाय काय?"

"कोणाजवळच नाई."

माझा निर्णय झाला. बायको कानाशी म्हणाली, "फिल्मच भेटत नाई म्हन्ते ना थो बुवा? मंग त्यात काय कोंबड्या ठेवता?"

तिच्याकडे दुर्लक्ष करून मी मोठ्या कॅमेऱ्यावर हात ठेवला, तेवढ्यात म्हातारे म्हणाले, "बरं, तुमची मर्जी. लहान्यासाठी तसेही वर्ध्याचे एक फोटोग्राफर दोन खेपा येऊन गेले. भाता ताणून, तिन्ही बॅका लावून पाह्यल्या त्याईनं. कोणाले देऊ नका म्हणे."

"टक्कल हाय काय त्याईले?" मी विचारलं.

"हाय."

"अन् तपकीर ओढते?"

"ओढते ना."

क्षणापूर्वी ज्याच्याकडे मी ढुंकूनही बघत नव्हतो, तो ठिगळाचा कॅमेरा एकदम त्रिभुवनात एकच झाला. "हाच बांधा," मी म्हणालो. म्हाताऱ्यांनी मला गाव विचारलं. पुलगाव म्हटल्यावर हसले. "पुलगाव ना? मंग न्या खुशाल." मला वाटलं, काय आपल्या गावाची पत आहे!

पुढच्याच रविवारी कॅमेऱ्याचा पेटारा घेऊन आम्ही वर्ध्याला गेलो. कॅमेरा दाखवायला नाही, साडभाऊंचा चेहरा बघायला. पेटी उघडली, तर मेहुणीच आधी बोलली, "घेतला का जवाईबापू? बरं झालं बाई! हे दोन खेपा नागपूरले गेलते. म्हाताऱ्याले सांगून आलते, पुलगाववाले येतीन, त्याईलेच देजा म्हणून."

मी साडभाऊंकडे बघितलं. ते खाली वाकून बॅक लावून बघत होते.

"मी सांगतलं असतं, तर तुमी घेतलाच नसता," ते म्हणाले. "अन् मले आता पुलगाव होत नाई. गाडीत पेटी चढवून चढवून माही कंबर गेली. दोन वर्षांपासून हेडमास्तरले म्हनून राह्यलो, तुमच्या गावातच मानूस हाय, त्याले मोठा कॅमेरा घेऊ द्या. आता तुमची शाळा तुमी सांभाळा."

म्हणजे ज्या फोटोसाठी मी चार वर्षं दारात उभा राहून जळलो, तो त्यांना नकोसा झाला होता. मला आनंद व्हायला हवा होता. पण मला जी गोष्ट मिळत नव्हती, ती या माणसाला वीट येईपर्यंत मिळाली, हे काही केल्या पचेना.

परतीच्या पॅसेंजरमध्ये पेटारा मांडीवर घेऊन बसलो. शेवटी राहवलं नाही. "पाह्य ना," मी बायकोला म्हणालो, "त्याईची कंबर बी कशी दुखते! काम करून करून. आपली मेली नुसती बसून आखडते."

बायको म्हणाली, "जीव नका जाळू. चार वर्षं उचला हा पेटारा. तुमची बी जाईन."